लक्झरचं खग्रास सूर्यग्रहण, २ ऑगस्ट २०२७: पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय करायचं

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, आषाढ अमावस्या. त्या दुपारी एकच्या सुमाराला इजिप्तमधल्या लक्झर शहरावर चंद्राची सावली पडेल आणि सव्वासहा मिनिटांहून थोडा जास्तच वेळ सूर्य पूर्ण झाकलेला राहील. याहून मोठं खग्रास ग्रहण नंतर थेट २११४ मध्ये आहे. तेव्हा आपण नसू, हे उघड आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा या ग्रहणाशी जुना हिशोब बाकी आहे. २२ जुलै २००९ ला महाराष्ट्रातून कितीतरी लोक सुरत, इंदूर, बिहारमधलं तारेगणा असे ठिकठिकाणी गेले होते. मीही तारेगणात होते. ऐन पावसाळा, आभाळ गच्च भरलेलं. काळोख झाला, पाखरं गप्प झाली, सूर्य मात्र दिसला नाही. २०२७ चं ग्रहण त्याच मालिकेतलं, पुढचंच. १८ वर्षं, ११ दिवस आणि साधारण ८ तासांनी तसंच ग्रहण पुन्हा होतं. त्या आठ तासांत पृथ्वी स्वतःभोवती एकतृतीयांश फेरी मारते, म्हणून सावलीची वाट पश्चिमेकडे सरकते. या खेपेला ती वाळवंटावरून जाणार आहे. तिथे ऑगस्टमध्ये ढग शोधूनही सापडत नाहीत.

पुढे मी २०२४ चं ग्रहण अमेरिकेत डॅलसला भाच्याकडे जाऊन पाहिलं, पातळ ढगांच्या फटीतून. या दोन्ही वेळचा अनुभव आणि लक्झरसाठी चाललेली तयारी यांवरून हे लिहिते आहे.

१. आधी जागा पक्की करा, तिकिटं नंतर

ग्रहणासाठी जागा निवडताना पहिला प्रश्न ढगांचा. किती मिनिटं दिसणार हा त्यानंतरचा. सावलीचा पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्कोचं टॅन्जियर, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदीतलं जेद्दा, येमेन असा जातो. स्पेनमध्ये खग्रास अवस्था बरीच छोटी आहे आणि शेंगेन व्हिसाची खटपट वेगळी. जेद्दाला सहा मिनिटांच्या आसपास मिळतील. तिथे कुणी नातेवाईक असेल तर तो पर्याय वाईट नाही. बाकी सगळ्यांना मी लक्झरच सुचवते: आकाश निरभ्र, राहायला हॉटेलं, जवळ विमानतळ, आणि ग्रहणाच्या आगेमागे पाहायला कर्नाकची मंदिरं आणि फेरोंच्या थडग्यांची राजांची दरी आहेच.

पट्टा २५८ किलोमीटर रुंद आहे. लक्झर जवळपास मध्यरेषेवर येतं. केना, सोहाग, एस्ना, एडफू हीसुद्धा पट्ट्यात आहेत. कैरो, हुरघाडा, अस्वान आणि अबू सिंबेल मात्र पट्ट्याबाहेर. अस्वान तर थोडक्यात बाहेर राहतं आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होणार आहे, कारण 'अस्वानलाही ९९ टक्के दिसतंय की' असं सांगणारे भेटतील.

त्या ९९ टक्क्यांबद्दल एकदाच सांगते. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी असतो. त्याचा एक टक्का उरला तरी चार हजार पूर्णचंद्रांएवढा उजेड राहतो. सूर्याभोवतीचं फिकट वलय, म्हणजे प्रभामंडल, दिसत नाही, तारे दिसत नाहीत, चष्मा काढता येत नाही. एवढा खर्च करून ९९ टक्के पाहायचे असतील तर सरळ घरी बसा. त्या दिवशी महाराष्ट्रातूनही दुपारनंतर खंडग्रास दिसणार आहे, ढगांनी वाट दिली तर.

२. कुणाबरोबर जायचं

तीन वाटा आहेत. एक, हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेबरोबर. मुंबईचं खगोल मंडळ, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था अशा संस्थांतल्या मंडळींनी ग्रहणं पाहिलेली असतात. त्यांच्या दौऱ्याची चौकशी आधी करा, कारण ऐन वेळी काय करायचं हे शेजारी बसून सांगणारं माणूस लाखमोलाचं. दोन, व्यावसायिक टूर. तीन, आपलं आपण.

टूर घेणार असाल तर हे प्रश्न तोंडी विचारू नका, उत्तरं ईमेलवर मागा:

- २ ऑगस्टला सकाळी ११ ते दुपारी ३ गट नेमका कुठे असेल? गावाचं नाव हवं. 'ग्रहणाच्या पट्ट्यात' एवढं उत्तर चालणार नाही.
- तिथे सावलीची सोय, स्वच्छतागृह आणि पाणी आहे का?
- लक्झरच्या हॉटेलचं नाव काय, आणि खोल्या नक्की झाल्याचं पत्र हाती आहे का?
- नाइलवरची क्रूझ असेल तर त्या दुपारी बोट कुठे बांधलेली असेल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. या बोटी लक्झर आणि अस्वान यांच्यामध्ये फिरतात. नेहमीचं वेळापत्रक तसंच ठेवून त्यावर ग्रहणाचं लेबल चिकटवलेलं असेल, तर ऐन दुपारी तुम्ही अस्वानच्या धक्क्यावर असाल.

एरवी ऑगस्ट म्हणजे लक्झरचा मंदीचा हंगाम, उन्हामुळे कुणी फिरकत नाही. २०२७ मध्ये तसं नसेल. आपलं आपण जाणार असाल तर खोली आधी घ्या, आणि रद्द झाल्यास काय, हे लेखी घ्या. मोठं ग्रहण जवळ आलं की जुनी स्वस्त बुकिंगं काहीतरी कारण काढून रद्द करायची आणि तीच खोली चौपट दराने विकायची, हा प्रकार जगात सगळीकडे चालतो. पैसे भरल्याची पावती आणि हॉटेलकडून थेट आलेलं उत्तर, दोन्ही जपून ठेवा.

३. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर इजिप्तला जायला व्हिसा लागतो. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात दूतावासाकडून आणि इजिप्त सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरून खात्री करा. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका. पुढची फाइल तयार असली की बहुतेक काम झालं:

- परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट, कोरी पानं शिल्लक असलेला
- पासपोर्ट आकाराचे ताजे फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर
- बँकेचं गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट, शिक्क्यासह
- आयकर विवरणपत्रं
- नोकरदारांसाठी रजा मंजूर असल्याचं पत्र, व्यावसायिकांसाठी नोंदणीचा कागद, निवृत्तांसाठी पेन्शनची कागदपत्रं
- जाण्यायेण्याची तिकिटं आणि हॉटेल बुकिंग
- प्रवास विमा, त्यात उष्माघातासारख्या आजारपणाचा खर्च धरलाय का ते वाचून

नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, तिकीट आणि बँक या तिन्हीकडे एकच आहे का, ते आजच बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या फाइली हमखास इथे अडतात.

४. तारखा

सोमवार आहे, शाळा सुरू झालेल्या असतील, गणपतीची रजा पुढे लागणार असेल. हे सगळं खरं. तरी दोन दिवस हातचे राखा. जुलैअखेरीस मुंबईचा पाऊस विमानांचं काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, आखातातून जाणारीही आहेत. कैरोहून लक्झरला तासाभराचं विमान किंवा रात्रीची रेल्वे. ३० जुलैपर्यंत लक्झरला पोचायचंच, असं धरून उलटं मोजत या. १ तारखेला संध्याकाळी पोचणारं स्वस्त तिकीट दिसेल. ते घेऊ नका. ग्रहण कुणासाठी थांबत नाही.

परतीचं तिकीट २ तारखेच्या संध्याकाळचं काढू नका. शहरात आलेला प्रत्येक माणूस त्याच वेळी विमानतळाकडे निघालेला असेल.

५. चष्मे

ग्रहणाचे चष्मे आयएसओ १२३१२-२ या मानकाचे हवेत. माहितीतल्या संस्थेकडून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्या आणि घरी तपासा: चष्मा लावून घरातला दिवा पाहा, काहीही दिसता कामा नये. मग सूर्याकडे क्षणभर पाहा, बुंदीएवढा स्वच्छ गोळा दिसला पाहिजे आणि डोळ्याला त्रास होता कामा नये. कागदी चष्म्याला सुरकुती किंवा टाचणीएवढं भोक पडलं असेल तर फेकून द्या. माणशी दोन न्या, एक हरवतोच.

काजळी धरलेली काच, एक्सरेची फिल्म, सीडी, बादलीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब हे आपल्याकडचे सगळे जुने उपाय बाद. उजेड कमी वाटला तरी डोळ्याचा पडदा जाळणारे किरण त्यातून येतात आणि पडदा जळताना दुखत नाही, म्हणून कळत नाही. आणखी एक: ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून कधीही पाहू नका. दुर्बिणीचं फिल्टर तिच्या पुढच्या तोंडावर, सूर्याच्या बाजूला बसवायचं असतं.

आणि याची दुसरी बाजू, जी सांगायला लोक विसरतात: सूर्य पूर्ण झाकला गेला की चष्मा काढायचा असतो. तेव्हा साध्या डोळ्यांनी पाहणं सुरक्षित आहे आणि चष्म्यातून काहीच दिसत नाही. भीतीपोटी चष्मा न काढता नुसता काळोख पाहून परतलेली माणसं मला माहीत आहेत.

६. उन्हाची तयारी

ऑगस्टमध्ये लक्झरचं दुपारचं तापमान ४० अंशांच्या पुढे असतं. विदर्भातल्या मंडळींना मे महिना डोळ्यांपुढे येईल, पुण्या-मुंबईच्यांनी गांभीर्याने घ्यावं. ग्रहणाआधी तास-दीड तास उघड्यावर काढायचा आहे.

सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. रुंद काठाची टोपी आणि उपरणं किंवा स्कार्फ. इलेक्ट्रालची पाकिटं. माणशी तीन लिटर पाणी, तेही हॉटेलवरून भरून घेतलेलं. छत्री, कारण सूर्य डोक्यावर असताना भिंतीची सावली वीतभरही पडत नाही. एक पांढरी चादर, तिचा उपयोग पुढे सांगते.

आणि सतरंजी. ग्रहणाच्या वेळी सूर्य क्षितिजापासून ८२ अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर असेल. सहा मिनिटं उभं राहून मान मागे टाकून पाहून दाखवा. दोन मिनिटांत मानेत चमक भरते. आडवं पडून पाहणं हाच खरा उपाय आहे. साठीच्या पुढच्यांनी तर उभं राहायचा हट्ट करूच नये.

खाण्यापिण्याची चिंता शाकाहाऱ्यांनी फार करू नये. भात-मसूर-मॅकरोनी-छोल्यांची कोशरी, वालाच्या जातीच्या दाण्यांचं फूल आणि त्याच दाण्यांचे तळलेले ताअमिया कुठेही मिळतात. फक्त ग्रहणाच्या सकाळी नवं काही पोटात ढकलू नका, घरचे दशम्या-मेथीचे ठेपले त्या दिवसासाठी ठेवा.

ड्रोन नेऊ नका, इजिप्तमध्ये परवान्याशिवाय बंदी आहे आणि विमानतळावरच काढून घेतात. मोठी दुर्बीण न्यायची असेल तर आधी लेखी चौकशी करून मगच न्या.

७. कॅमेरा

माझं मत: पहिलंच ग्रहण असेल तर फोटो काढू नका. तुमच्यापेक्षा चांगले फोटो त्याच संध्याकाळी हजारोंनी उपलब्ध असतात. फोन कुठेतरी टेकवून लोकांकडे तोंड करून व्हिडिओ चालू ठेवा. सूर्यापेक्षा तेच नंतर परत परत पाहिलं जातं. आमच्या डॅलसच्या व्हिडिओत भाच्याचा आवाज एवढा चिरकलाय की तो अजून तो डिलीट करा म्हणून मागे लागतो.

तरी कॅमेरा नेणारच असाल तर सराव इथेच करा. बहुतेक ट्रायपॉडवर कॅमेरा ८२ अंश वर वळतच नाही. लेन्सचं बूड पायाला अडतं, नाहीतर मागच्या पडद्यात डोकावायला जमिनीवर लोळावं लागतं. हे घरी कसं कळणार? मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. पुण्याला साधारण १३-१४ मेला, मुंबईला १५-१६ मेला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दुपारी गच्चीवर ट्रायपॉड लावा, लेन्सवर फिल्टर चढवा आणि सूर्य चौकटीत आणून दाखवा. काय काय अडतंय ते दहा मिनिटांत कळेल. उन्हात फोन तापून बंद पडतो का, तेही तेव्हाच पाहा.

सूर्य एवढा वर असल्यामुळे मंदिराच्या खांबांमागे ग्रहण लागलंय असा फोटो फार रुंद लेन्सशिवाय मिळणार नाही. ज्या जाहिरातींत तसं चित्र दाखवलंय ती जोडकामं आहेत.

८. त्या दिवशी

इजिप्तचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. पंचांगातल्या किंवा घरून येणाऱ्या मेसेजमधल्या वेळा भारतीय असतील, गोंधळ करू नका. साडेअकरानंतर स्पर्श, एकच्या पुढे दोन-तीन मिनिटांनी खग्रास, अडीचच्या सुमाराला मोक्ष.

दहापर्यंत जागेवर बसा. स्पर्शानंतरचा पहिला तास संथ असतो. चष्म्यातून सूर्याचा लचका तोडलेला दिसतो, बस. हा वेळ मुलांसाठी वापरा. घरून भज्यांचा झारा आणलात तर तो पांढऱ्या कागदावर धरा: प्रत्येक भोकातून एक चंद्रकोर पडते, कागदभर कोरीच कोरी. झाडाच्या पानांखालीही हेच दिसतं.

शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत मात्र उठू नका, कुणी बोलावलं तरी. ऊन असतं पण त्यातली ऊब जाते, तापमान काही अंशांनी उतरतं. उजेडाचा रंग बदलतो. संध्याकाळची लाली त्यात नसते, शिशासारखा राखाडी उजेड पडतो. सावल्यांच्या कडा एवढ्या धारदार होतात की हाताच्या सावलीत केस मोजता येतात. आता पांढरी चादर जमिनीवर अंथरा. शेवटच्या एक-दोन मिनिटांत तिच्यावरून फिकट काळ्या लाटा सरपटत जाताना दिसू शकतात. दर वेळी दिसतातच असं नाही.

मग वायव्येकडे पाहा. सावली तिकडून येते, वळवाचं आभाळ चढावं तशी, पण आवाज नसतो. शेवटचा सूर्यप्रकाश चंद्राच्या डोंगरदऱ्यांमधून मण्यांसारखा तुटक दिसतो, त्यातला एकच मणी उरतो ती हिऱ्याची अंगठी. ती विझली की चष्मा काढा.

सहा मिनिटं खूप वाटतात. तशी नसतात. साधारण बेत असा ठेवा: पहिली दोन मिनिटं काहीच करायचं नाही, नुसतं पाहायचं. मध्ये काळं वर्तुळ आणि त्याच्याभोवती पसरलेलं पांढरं प्रभामंडल, फोटोत येतं त्यापेक्षा कितीतरी तलम. तिसऱ्या मिनिटाला नजर खाली आणून क्षितिजावर फिरवा, चारही दिशांना तांबूस संधिप्रकाश असतो. जवळ ठळक ग्रह चमकताना दिसतील. चौथ्या मिनिटाला छोटी दुर्बीण असेल तर फिल्टर न लावता कडेच्या लालसर ज्वाळा पाहा. पाच मिनिटं झाली की वाजेल असा गजर आधीच लावून ठेवा आणि तो वाजताच दुर्बीण खाली ठेवा, चष्मा हातात घ्या. दुसरी अंगठी दिसली की लगेच डोळ्यांवर चढवा. सूर्य परत आल्यावर सेकंदभरही दुर्बिणीतून पाहणं चालणार नाही.

लहान मुलांची जबाबदारी एका मोठ्या माणसाकडे एक, अशी नावं घेऊन वाटून द्या. काळोख झाल्यावर सगळे वर पाहत असतात आणि मुलांच्या चष्म्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

९. घरचे काय म्हणतील

वेध, सुतक, गरोदर सुनेने जावं की नाही, हे प्रश्न येणारच. ग्रहणातून वेगळे किरण वगैरे काही येत नाहीत, सूर्य नेहमीचाच असतो. गरोदर बाईसाठी खरा धोका ४० अंशांच्या उन्हाचा आहे, आणि तो डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे. ज्यांना उपास पाळायचा आहे त्यांनी पाळावा, पाणी मात्र तोडू नये. माझ्या सासूबाईंनी तारेगणात खग्रास संपेपर्यंत अन्नाला हात लावला नाही आणि उजेड परतल्यावर, ढगांकडे पाहून का होईना, 'दे दान, सुटे गिराण' म्हणून चार पैसे वाटले. कुणाचं काही बिघडलं नाही.

ज्यांना परदेश झेपणार नाही त्यांनी २० मार्च २०३४ ची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी खग्रास सावली लडाखमध्ये कारगिलच्या भागातून जाणार आहे. तिथे व्हिसा लागत नाही, पण मार्चची थंडी आणि बर्फाने बंद असलेले रस्ते यांची तयारी लागेल, आणि उंचीची सवय व्हायला चार दिवस आधी पोचावं लागेल.

लक्झरसाठी या आठवड्यात करायची कामं तीनच: पासपोर्टची मुदत पाहणं, रजेचा अर्ज टाकणं आणि खोलीसाठी किंवा टूरसाठी तो ईमेल लिहिणं. चष्मे नंतर घेतले तरी चालतील.